त्या घरचं पाणी

रत्नागिरी,
५ मे १९७८

चि. केशव यास आईचा आशीर्वाद,

पोहोचलो. कार्डावर जागा कमी, म्हणून कामाचं आधी. मी बरी आहे. तुझ्या रामाजी मामाले बरं म्हणता येत नाही. बाईमाणसासोबत कोणी पाहिजे म्हणून तू त्याले पाठवला. कोल्हापूरपर्यंत आगगाडीत मिशीले पीळ देऊन बसला होता. पुढं एस.टी. घाट उतरू लागली आणि त्याची मिशीही उतरली. साऱ्या घाटात मी त्याचं डोकं खिडकीबाहेर धरून बसली. सोबत कोण कोणाले देऊन राहिलं, हे त्या कंडक्टरलेही उमजलं नसेल. आता परत निघेपर्यंत मी कोणत्याच मोटारीत पाय ठेवणार नाही. जिथं जायचं तिथं पायी जाईन.

यमुताईकडं उतरलो. आपल्या सक्करदऱ्याच्या गल्लीत होती तशीच आहे, फक्त रुंद झाली. तिचे यजमान नानाजी इथं तार ऑफिसात आहेत, नागपूरले तार करू का म्हणून विचारत होते. नको म्हटलं. दारात तारवाला दिसला की आपल्या गल्लीतल्या बाया आधी रडून घेतात आणि मग विचारतात काय झालं.

ते घर अजून पाहिलं नाही. पुष्पाले सांग, आजी कोरडी आहे.

तुझी आई



रत्नागिरी,
८ मे १९७८

चि. केशव,

मागच्या कार्डातला आशीर्वाद अजून शिल्लक असेल, त्याच्यावर भागव.

यमुताईनं मले विचारलं की मावशी, ज्यांच्यासाठी आल्या त्यांचं घर या गावातच आहे, मग तिकडंच काहून नाही उतरल्या. नागपूरची पोरगी, पण समुद्राकाठी राहून सारं विसरली. तिले सांगावं लागलं. आपल्याकडं पोरीवाले घर पाहायले गेले की त्या घरचं पाणी पीत नाहीत. ओसरीवर बसतात, बोलतात, गोठा पाहतात, विहीर पाहतात, पण ओठ ओला करत नाहीत. घर मनात भरलं तर स्वतः पाणी मागून पितात. पाणी पिलं की शब्द दिला. न पिता उठले तर समोरचा समजून जाते, कोणाले तोंडानं नाही म्हणावं लागत नाही.

मग आपल्या घरातलंही सांगितलं. की हा दत्ताराम हिंगण्याच्या कारखान्यात कामाले होता तेव्हा आपल्याच गल्लीत खोली घेऊन राहात होता. आता इथं त्याच्या गावी एस.टी.च्या वर्कशॉपात लागला. आमची पुष्पलता म्हणते करीन तर त्याच्याशीच. केशव म्हणते आई म्हणेल ते. आणि आई म्हणते नाही. घर दूर, लोक अनोळखी, आणि मधात सारा महाराष्ट्र. तेव्हा पोरीनंच तोड काढली, आजी तू स्वतः जा. त्या घरचं पाणी प्यालीस तर लग्न. कोरडी आलीस तर मी त्याचं नाव घेणार नाही.

यमुताई हसली. म्हणते, "मावशी, पोरीनं तुम्हाले फसवलं. मे महिन्यात पाठवलं."

तेव्हा मी तिले म्हटलं की नागपूरच्या उन्हात मिरच्या वाळवलेली बाई आहे मी, मले इथला मे काय करते. आता दोन दिवस फिरल्यावर तुले एकट्याले सांगते. नागपूरचं ऊन शिव्या देते आणि निघून जाते. घाम येते आणि वाळते. इथं घाम येते आणि मुक्काम करते. सकाळी नेसलेलं लुगडं दुपारी पिळून घ्यावं लागते. माझा फिरकीचा तांब्या यमुताईच्या घरून भरून निघते आणि अर्ध्या वाटेत रिकामा होते.

गाव म्हणशील तर देवानं सपाट करायचं राहून गेलं असं आहे. एकाचं अंगण दुसऱ्याच्या कौलाच्या बरोबरीनं. वरच्या घरची बाई भांडी घासते ते पाणी खालच्याच्या कौलावर जाते, आणि त्यावरून भांडण होत नाही. मी उभं राहून वाट पाहिली. लाल दगडाच्या पायऱ्यांच्या अरुंद वाटा आहेत, दोन्हीकडून दगडी बांधाचे गडगे, त्याले इथले लोक पाखाडी म्हणतात. साऱ्या गावात जायचं तर या पाखाड्यांनी. रामटेकचा गड चढलो की वर राम तरी भेटते. इथं चढून गेलं की दुसरा चढ भेटते. पण एक आहे, सावली भरपूर. फणस, आंबे, काजू, नारळ. झाडाखाली उभी राहिली तर वारा असा येते की पदर सांभाळावा लागते. तुले वाटेल आई खुशीत आहे. वारा आहे त्याले मी काय करू.

समुद्र पाहिला. मांडवीच्या धक्क्यावर गेली होती. मोठा आहे, नाही म्हणता येत नाही. आपला अंबाझरी तलाव त्यात कुठं पडला ते सापडणार नाही. पण बोट बुडवून चाखलं तर खारट. एवढं पाणी आणि एका माणसाच्या कामाचं नाही. संध्याकाळी गावातले लोक त्याच्याकडं तोंड करून बसतात, जसा काही तो आता बोलणारच आहे. मी पण बसली थोडा वेळ. पाय दुखत होते म्हणून.

चौकशी केली. ज्या कामाले आली ते विसरली नाही. बांगडीवाल्याले विचारलं, मच्छी विकणाऱ्या बाईले विचारलं, देवळात जप करत बसलेल्या एका म्हाताऱ्याले विचारलं. नागपूरहून आली, अमक्याच्या घराबद्दल काय सांगता. सारे म्हणतात पोरगा सोन्यासारखा, बाप कोर्टात पट्टेवाला, गरीब माणूस, कोणाच्या अध्यात नाही. एवढं चांगलं ऐकून मले शंका यायले लागली. शेवटी त्या मच्छीवालीनं आवाज बारीक करून सांगितलं की त्याची माय तुळसाबाई जहाल आहे, वाडीतली कुत्री तिच्या दारावरून जाताना शेपूट खाली घालतात. ऐकून जरा बरं वाटलं. नाही म्हणायले काही तरी सापडलं.

जेवण म्हणजे भात. सकाळी भात, दुपारी भात. सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर मी स्वतः थापते, आणि आपल्या भिवापूरच्या मिरचीचा ठेचा यमुताई चोरून खाते. रामाजी आता उठून बसला. आंबे खाऊन राहिला, ते त्याच्यावरच उलटतील.

उद्या ते घर पाहायले जातो. पुष्पा काय करते ते तू लिहू नको, मी विचारत नाही. वेळेवर जेवते की नाही तेवढं पाह.

तुझी आई



रत्नागिरी,
१२ मे १९७८

चि. केशव यास आईचा आशीर्वाद, या वेळी ताजा.

पत्राले उशीर झाला. पायाले फोड आले म्हणून लिहिता आलं नाही, असं लिहिणार होती. मग ध्यानात आलं की पेन काही पायानं धरत नाही. तर उशीर झाला, एवढंच.

इथं सारं ठीक आहे. आंबा यंदा बरा म्हणतात. नानाजी एक पेटी सोबत देणार आहेत. यमुताईच्या आंगणात कोकम वाळत घातले आहेत, लाल लाल, दुरून आपल्या मिरच्यांसारखे दिसतात. मी सवयीनं एक उचलून तोडून पाहिलं, बी किती आहे म्हणून. रामाजीले कालपासून पोटाचं सुरू आहे, मी सांगितलं होतं. वारा चांगला आहे.

आता घराचं सांगते.

घर वरच्या अंगाले आहे, किल्ल्याच्या वाटेवर एका वाडीत. तिथं मोटार जात नाही, सायकलही जात नाही, माणूस गेला तर गेला. पाखाडी चढून रामाजीचा जीव जाऊन राहिला होता आणि मी मनात खुश होती, की घ्या, पोरीचं घर म्हणे. लाल चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढं सारवलेलं अंगण आणि एक फणसाचं झाड. मी सारवण पायानं चाचपून पाहिलं. कुठं पोपडा नाही. कोपऱ्यात पाहिलं, तिथंही नाही. राग आला.

दत्ताराम ड्युटीवर होता. बाप हात जोडून उभा राहिला तो आम्ही बसेपर्यंत उभाच. आणि तुळसाबाई आली. माझ्याएवढीच उंच, माझ्याहून वाळकी. केस आवळून बांधलेले, नजर मिरचीच्या ढिगावर बसणाऱ्या दलालासारखी. तिनं ताट आणून ठेवलं, त्यात गुळाचे खडे आणि पाण्याची दोन फुलपात्रं. इथली रीत आहे ती. चढ चढून आलेल्या माणसाले आधी गूळपाणी, मग नाव गाव.

रामाजीचा हात फुलपात्राकडं निघाला. मी त्याच्याकडं पाहिलं. हात परत आला.

मी म्हटलं, पाणी नको. तिचं तोंड उतरलं नाही, चढलं. भांडं घासलेलं दिसत नाही काय, असं विचारलं. तिची बोली आपल्यापेक्षा निराळी, मी माझ्या सोयीनं लिहिते. मी आपली रीत सांगितली, जशी यमुताईले सांगितली तशी. दुसरी कोणी असती तर हसली असती नाही तर रडली असती. हिनं ऐकून घेतलं, ताट बाजूले सारलं आणि म्हणाली,

"तुमची रीत तुम्ही पाळा. आमची रीत अशी, की घरी आलेली बाई कोरडी बसली तर घरातली बाई पाणी पीत नाही. तेव्हा मी पण बसते कोरडी."

मले वाटलं बोलायची गोष्ट आहे. थोड्या वेळानं आत जाऊन पिऊन येईल. पण ती आत गेलीच नाही. पदर खोचला आणि म्हणाली की घर काय पाहता, चार भिंती आहेत, पोरगी काय घरातच बसणार आहे, चला गाव दाखवते. रामाजीले फणसाखाली बसवलं आणि आम्ही दोघी निघालो. दुपार व्हायची होती अजून.

केशव, मी तीन दिवस या गावात फिरली होती, पण ते फिरणं नव्हतं. ही बाई कोणत्या पायरीवर पाय द्यायचा आणि कोणत्या नाही, ते न पाहता चालते. पहिले मले वाडीच्या विहिरीवर नेलं. विहीर खाली, घर वर. मी तिथंच थांबली. सापडलं म्हटलं. विचारलं, ही एवढी चढण, आमची पोरगी घागरी घेऊन चढणार काय रोज. तर म्हणते, मी चढत होते, आता गुडघा ऐकत नाही. दत्ता भरतो, वर्कशॉपात जायच्या आधी. वाडीतले पुरुष हसतात त्याले. हसू दे म्हणते, हसणाऱ्यांच्या बायका घागरी वाहतात.

मी विहिरीत वाकून पाहिलं. पुढं चालली.

शाळा दाखवली, सुट्टीची बंद होती, खिडकीतून फळा दिसला. इथं मास्तरणीची जागा निघते म्हणाली, आपली पुष्पा मास्तरीण म्हणून तिनं चौकशी करून ठेवली होती. मग बाजार, मग धक्का, मग परत चढ. जिथं जावं तिथं ओळखीचं माणूस. आणि ओळखीचं माणूस म्हणजे इथं कोकमाचं सरबत. एका दुकानदारानं तर दोन गिलास भरून हातात द्यायले आणले, गार, लाल, वर जिऱ्याची पूड. तुळसाबाई म्हणाली नको. मी म्हटली नको. तो बिचारा आमच्याकडं पाहून राहिला, कोणाच्या मयतीले चाललो काय म्हणून.

माझ्याजवळ माझा तांब्या होता. अर्धा भरलेला, खांद्याले लटकून प्रत्येक पायरीले डुचमळत होता. ती म्हणाली, तुम्ही आपलं पाणी प्या, त्याले काही आडकाठी नाही. खरं होतं. पण समोरची बाई कोरडी असताना आपण एकटीनं घटाघट पिणं मले जमलं नाही. मी तांब्या तिले देऊ केला. तर म्हणते, माझ्या घरून पाहुणी कोरडी निघाली आणि मी तिच्या तांब्यातलं पिऊ, असं करा, मले सरळ समुद्रात ढकला. तेव्हा तांब्या तसाच लटकत राहिला आणि आम्ही दोघी त्याच्याकडं न पाहता चाललो.

किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे. तिथं पुजाऱ्यानं तीर्थ दिलं. देवीले नाही कोण म्हणते. पळीभर पाणी तळहातावर. देवीचं तीर्थ यात धरायचं नाही, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं. पण मी पाहिलं, तिनं तळहात चाटून कोरडा केला. तिनं पण पाहिलं, मी काय केलं ते.

मग तटाच्या सावलीत बसलो. खाली तिन्ही बाजूले समुद्र, उन्हात पत्र्यासारखा चमकत होता. तोंडात जीभ वळत नव्हती. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही, तेवढी थुंकीच नसते. तिनं समोर पाहूनच सांगितलं,

"मला तुमची नात नको होती."

मी म्हटलं, मलेही तुमचा पोरगा नको होता.

ती म्हणाली, मग बरं झालं. आणि आम्ही दोघी बराच वेळ खूप समाधानानं बसलो. इतकं सरळ बोलणं मी कोणत्या विहिणीविहिणीत ऐकलं नाही. मग मी विचारलं, काहून नको. म्हणाली, लांबची पोरगी. इथली पोरगी रुसून माहेरी गेली तर दिवेलागणीपर्यंत समजावून आणता येते. तुमची रुसली तर आणायले दोन दिवस, परतायले दोन दिवस, तोवर कशावरून रुसली तेच कोणाले आठवणार नाही. तिनं ठरवलं होतं की पोरीकडचे येऊन स्वतःच नाही म्हणतील तर आपल्याले पोराशी भांडावं लागणार नाही.

मी म्हटलं, मग पाणी काहून दिलं. ती माझ्याकडं अशी पाहून राहिली, जसं मी विचारलं की श्वास काहून घेता. घरी आलेल्याले पाणी देणं वेगळं आणि पोरगी करून घेणं वेगळं, म्हणाली.

मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, पोरगी रागावली की बोलते, की गप्प बसते. मी म्हटलं, बोलते, माझ्याजवळ वाढली. ती म्हणाली, मग ठीक. गप्प बसणाऱ्याची मले भीती वाटते. मग विचारलं तिखट किती खाते. मग विचारलं चढाची सवय आहे काय. मी म्हटलं, सक्करदऱ्यात कुठला चढ, दुकानाच्या पायरीले आम्ही चढ म्हणतो. तर हसली. ओठ फाटले होते तिचे, हसताना रक्त आलं, ते तिनं पदरानं टिपलं आणि पुन्हा हसली.

उतरताना ती मधातच पायरीवर बसली. जोडवं रुतते म्हणाली. जोडवं काही रुतत नव्हतं, मी काय आज जन्मली. चेहरा पांढरा पडला होता. बाजूच्या दारातून एक बाई तांब्या घेऊन धावत आली, हिनं तिले हातानंच परत पाठवली. मी उभी होती. चप्पल तुटली नसताना चपलेकडं पाहत होती.

आता ऐक. मी काही विरघळली नाही. मी हिशेबी बाई आहे, मिरची हातात घेतली की वास न घेता भाव सांगते. मी त्या पायरीवर एवढाच विचार केला. जी बाई नकोशा पाहुणीसाठी साऱ्या उन्हात घसा कोरडा ठेवते, कोणी सक्ती करत नसताना, कोणी शाबासकी देणार नसताना, तिच्या घरात सून आल्यावर ती सुनेच्या आधी जेवणार नाही. भांडेल. बोलून बोलून पोरीचं डोकं उठवेल. पण तिच्या आधी जेवणार नाही. मले आणखी काय पाहायचं होतं, सारवण तर पाहिलंच होतं.

घरी पोहोचलो. रामाजी फणसाखाली घोरत होता आणि बाजूले कोकमाचे रिकामे गिलास. त्याचं पिणं धरायचं नाही. तो पोरीचा बाप नाही, आजा नाही, आणि माणूस म्हणूनही त्या दिवशी धरण्यासारखा नव्हता.

मी ओसरीवर बसली आणि म्हटलं,

"तुळसाबाई, आणा ते पाणी."

तिनं आणलं. मी पिलं.

कसं होतं विचारशील तर गार होतं. आणखी मागितलं, तेही पिलं. मग ती आत गेली आणि तिचं पिणं मी ऐकलं, माठाजवळ उभी राहून, एका दमात. बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आता तुमच्या रीतीनं काय झालं. मी म्हटलं, सून झाली तुम्हाले. तर म्हणते, मले कोणी विचारलंच नाही. मी म्हटलं, गूळ कोणी पुढं केला. त्यावर तिनं ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. नवरा दाराआडून सारं ऐकून राहिला होता, त्यानं गुपचूप देवापुढं दिवा लावला. अजून उजेड होता.

दत्ताराम संध्याकाळी आला. पाखाडीवरून चढताना मी त्याले वरून पाहिलं, हात काळे, शर्ट खांद्यावर. त्याच्या घरात कोणाले आपली रीत माहीत नव्हती, पण त्याले होती. आपल्या गल्लीत राहिला, आणि पुष्पानं सांगितलं असेलच. त्यानं मले नमस्कार केला नाही, बापाकडं पाहिलं नाही, मायकडं पाहिलं नाही. माझ्या पायाजवळ फुलपात्र पडलं होतं, रिकामं, त्याच्याकडं पाहिलं. मग रामाजीचे गिलास दिसले तर घाबरला, की कोणी पिलं. मी म्हटलं, "मीच पिली गा." तर तो तिथंच पायरीवर बसला, काळ्या हातानं तोंड झाकून. तोंडभर काळं लागलं. आजवर मी कोणत्या जावयाले इतकं घाणेरडं तोंड करून बसलेलं पाहिलं नाही. मी त्याले उठ म्हटलं नाही. बसू दिलं.

तर असं झालं. तुले पत्राच्या सुरुवातीलेच सांगता आलं असतं. पण लिहिलं की खरं होते, म्हणून मी आंबे, कोकम आणि तुझ्या मामाचं पोट आधी लिहून घेतलं.

तू मले विचारणार नाही, पण मनात येईल, म्हणून सांगून टाकते. माझी सून अंजना गेली तेव्हा तुझी पोरगी पाळण्यातून नुकती उतरली होती. तेव्हापासून ती माझ्या बाजूले झोपते आणि झोपेत लाथा मारते, अजूनही, मास्तरीण झाली तरी. मी नाही म्हणत होती तेव्हा अंतर दूर आहे म्हणत होती. अंतर दूर आहेच. पण ते कोणाले दूर आहे, हे मी तुले सांगितलं नव्हतं. आता सरळ झोपेन. माझ्यावर दया करायची नाही, आणि माझी खाट तुझ्या खोलीत हलवायची नाही. तू घोरतो.

मी ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा येते. रामाजीले नानाजी उद्या गाडीत बसवून देतील, तो तुझ्या हवाली. मी तुळसाबाईकडं राहायले जाऊन राहिली. आता तिथं जेवायले हरकत नाही, आणि तिले भाकर थापायले शिकवायची आहे, तिची भाकर कडेले चिरते. काल आम्ही दोघी घरापासून शाळेपर्यंतची वाट चालून पाहिली, पोरीले रोज जावं लागेल म्हणून. विहिरीजवळच्या वळणावर काही पायऱ्या हलतात. मी काठी ठोकून एक एक दाखवली आणि दत्तारामले सांगितलं की लग्नाच्या आधी चिरे बसव, नंतर तू ऐकणार नाहीस. तो सकाळी पाणी भरून झाल्यावर बसवून राहिला. मी वरून पाहते, वाकडा बसला तर काढायले लावते.

हे पत्र वाचून झालं की घडी करून खिशात ठेवू नको. पोरीच्या हातात दे. तिले वाटेल आजी तिच्यासाठी प्याली. तसं काही नाही, मे महिना होता. पण तिले तसं वाटू दे.

पुष्पाची आजी,
भागीरथा